केनकेन, काकुरो, किलर सुडोकू: तुक्का न मारता कसं सोडवता?

घोडबंदरची (धागाकर्ती)

मंडळी, साधं सुडोकू हाताला बसलं म्हणून पुढे केनकेनकडे वळले आणि अडकले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सहा बाय सहाची जाळी. प्रत्येक आडव्या ओळीत आणि उभ्या स्तंभात १ ते ६ एकेकदाच. इथपर्यंत सुडोकूचंच भावंड. पण आधीपासून भरून दिलेला आकडा बहुतेक वेळा एकही नसतो. त्याऐवजी जाड रेघांनी घरांचे गट पाडलेले असतात आणि गटाच्या कोपऱ्यात '१२×' किंवा '३−' असं बारीक छापलेलं असतं. म्हणजे त्या गटातल्या आकड्यांचा गुणाकार १२, किंवा मोठ्यातून लहान वजा केला की ३. कोण आधी, कोण नंतर, ते आपण शोधायचं.

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावरचे एक काका दर रविवारी नोटीस बोर्डावर असं एक कोडं लावतात. वर टँकरच्या वेळा, मध्ये मेंटेनन्स थकबाकीदारांची यादी, खाली केनकेन. ते वहीत उतरवून घ्यायचं आणि ठाणे-वाशी गाडीत बसायला मिळालं की सोडवायचं, हा माझा उद्योग.

या वेळच्या कोड्याची पहिलीच ओळ अशी: डावीकडची दोन घरं '३−', मधली दोन '७+', शेवटची दोन '२÷'. तिन्ही गट ओळीतच संपतात. मी जोड्या लिहून काढल्या. ३− साठी १-४, २-५, ३-६. ७+ साठी १-६, २-५, ३-४. २÷ साठी १-२, २-४, ३-६. मग 'समजा शेवटी २-४' असं धरून निघाले आणि तुर्भे येईपर्यंत खोडरबराने कागदाचा भुगा केला.

तर प्रश्न असा की तुम्ही लोक हे 'समजा' न करता सोडवता का? की सगळेच गुपचूप तुक्के मारतात आणि वर तर्कशास्त्राच्या गप्पा करतात?

---

पामबीच

मी शेवटच्या पानावर उत्तर बघतो. शंभर टक्के तर्कशुद्ध पद्धत. हलकं घ्या.

---

काळाफळा

आधी बेरीज, मग जोड्या. तुम्ही उलटीकडून निघालात.

१ ते ६ ची बेरीज २१. विषम. आता दोन आकड्यांची वजाबाकी विषम असेल तर त्यांची बेरीजही विषमच असते, कारण एक सम आणि एक विषम असल्याशिवाय वजाबाकी विषम येतच नाही. म्हणजे तुमचा '३−' विषम बेरजेचा. '७+' तर उघडच विषम. विषमात विषम मिळवलं की सम. २१ मधून सम गेलं की उरतं विषम. म्हणून '२÷' या गटाची बेरीज विषमच हवी. २-४ ची बेरीज सहा. बाद! नेमकी तीच जोडी धरून तुम्ही तुर्भ्यापर्यंत गेलात.

राहिल्या १-२ आणि ३-६. १-२ घातली तर ओळीत ३, ४, ५, ६ उरतात. त्यांत ७ बेरीज म्हणजे ३-४, आणि मग ५-६ ची वजाबाकी १. जुळत नाही. म्हणून शेवटी ३-६, डावीकडे आणि मध्ये मिळून १, २, ४, ५. त्यांत ७ बेरीज २-५ चीच, म्हणून डावीकडे १-४. कुठला आकडा डाव्या घरात ते स्तंभ सांगतील. खोडरबर पिशवीतच राहू द्या.

---

महापे_एमआयडीसी

पण सर, '१-२ घातली तर' हेसुद्धा 'समजा'च झालं की!

---

घोडबंदरची

अगदी हेच टंकायला आले होते. बाकी सम-विषम डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद सर. गुणाकाराच्या गटांना पण चालतं का हे?

---

काळाफळा

गुणाकाराला तितकं नाही. गुणाकार विषम असेल तर गटातले सगळे आकडे विषम, एवढं पक्कं. सम असेल तर निदान एक सम, बस्स. पण गुणाकाराचा स्वतःचा खजिना आहे: ५. सहाच्या जाळीत ५ ने भाग जाणारा आकडा एकच, खुद्द ५. त्यामुळे '२४×', '३६×', '१२×' असल्या गटांत ५ कधीच नाही, आणि '३०×', '६०×' मध्ये असलाच पाहिजे. कोडं हातात आलं की मी पहिल्यांदा सगळे पाच कुठे जाऊ शकतात ते बघतो. भागाकाराच्या गटात ५ आला तर सोबतीला १ आणि गट '५÷' चाच. म्हणजे एखाद्या ओळीत '२÷', '१२×' आणि तिसरा कुठला गट असेल तर ५ त्या तिसऱ्यात, विचारायलाच नको.

महापे, तुमच्या 'समजा'कडे नंतर येतो.

---

चिऊची आई

खूप छान धागा. कोपरखैरण्याहून लिहितेय. मुलगी चौथीत आहे. पाढे म्हटलं की तिच्या पोटात दुखतं, सुडोकू मात्र आवडीने करते. तिला केनकेन दिलं तर चालेल का? सहाचं फार होईल. आणि सोडवायचं कसं ते मला आधी कुणीतरी शिकवा, नाहीतर ती विचारेल आणि मी बाबांकडे पाठवेन.

---

काळाफळा

ताई, चारच्या जाळीने सुरुवात करा. १ ते ४ एवढेच आकडे, पाढे दोनचे-तीनचे. हे कोडंच मुळात वर्गासाठी जन्मलं आहे. जपानमधले गणिताचे शिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी ते २००४ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलं. त्यांचा खाक्या असा की शिक्षकाने शिकवायचं नाही; कोडं द्यायचं आणि गप्प बसायचं. मला स्वतःला उभ्या नोकरीत ते जमलं नाही. आपल्याकडे शिक्षक गप्प बसला तर पालक चौकशीला येतात.

खालचं मी आत्ताच बसून मांडलं. स्तंभ अ, ब, क, ड. ओळी वरून खाली १ ते ४. वहीत चौकोन आखून गट जाड रेघेने घेरा.

अ१, अ२: १−
ब१, क१, ड१: १२×
ब२, ब३: ३×
अ३, अ४, ब४: ८×
क२, क३: २÷
ड२, ड३: ३+
क४, ड४: ७+

चिऊला आधी एकच गोष्ट सांगा: १ ते ४ ची बेरीज १० आणि गुणाकार २४. आता पहिली ओळ बघा. तीन घरांचा गुणाकार १२, अख्ख्या ओळीचा २४. म्हणून उरलेल्या अ१ मध्ये २. एकही 'समजा' नाही, पहिलं घर भरलं.

ब स्तंभात '३×' म्हणजे १ आणि ३. म्हणून ब१ आणि ब४ मध्ये २ आणि ४. पहिल्या ओळीतला २ तर अ१ ने घेतला, तेव्हा ब१ = ४, ब४ = २.

'८×' च्या गटात ब४ चा २ आला, म्हणून अ३ आणि अ४ चा गुणाकार ४. एकाच स्तंभात २-२ चालत नाही, म्हणजे १ आणि ४. त्या स्तंभात आता अ२ साठी ३ च उरला. '१−' शी ताडून बघा, २ आणि ३, बरोबर.

दुसऱ्या ओळीत ३ आला, म्हणून ब२ = १, ब३ = ३. त्याच ओळीत क२ आणि ड२ साठी २ आणि ४ राहिले. '३+' म्हणजे १ आणि २, त्यात ४ बसत नाही. ड२ = २, ड३ = १, क२ = ४, आणि '२÷' मुळे क३ = २.

इथून पुढे चिऊला स्वतः करू द्या. तिसऱ्या ओळीत एकच घर रिकामं आहे.

---

चिऊची आई

सर!! मीच सोडवून टाकलं, तिला दाखवायच्या आधी. चौथी ओळ १, २, ३, ४ अशी सरळ आली, मुद्दाम ठेवली का? तिच्यासाठी आता दुसरं द्यावं लागेल.

---

महापे_एमआयडीसी

मी थोडा विरुद्ध बाजूने बोलतो. कंपनीत वेळ होता (साहेब इथे नाहीत अशी आशा), म्हणून केनकेन सोडवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याला सम-विषम काही शिकवलं नाही. घरात आकडा टाक, नियम मोडला तर मागे फिर, पुढचा टाक. बास. सहाची जाळी डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटते.

गंमत आकड्यांची आहे. गटांचा विचार सोडून नुसत्या ओळी-स्तंभांच्या नियमाने चारची जाळी ५७६ प्रकारे भरता येते. पाचची १,६१,२८०. आणि सहाची ८१,२८,५१,२००. एक्याऐंशी कोटींवर! तरी प्रोग्रॅमला एवढं सगळं बघावं लागत नाही, कारण चुकीची फांदी बुडाशीच तुटते. म्हणून माझं म्हणणं, 'समजा' हासुद्धा तर्कच आहे. गणितात सिद्धता देताना 'समजा असं नाही' म्हणून सुरुवात करतात आणि शेवटी विसंगती दाखवतात, ती चालते. मग घोडबंदर ताईंनीच काय पाप केलं?

---

पामबीच

+१. खोडरबर हा मूलभूत हक्क आहे.

---

काळाफळा

पाप काही नाही. फरक लांबीचा आहे. मी १-२ घातली आणि त्याच ओळीत, दोन पावलांत ती मोडली. कागदावर काही लिहिलं नाही, तोंडी झालं. ताईंनी २-४ धरली, त्यावर दुसरी ओळ रचली, त्यावर स्तंभ, आणि विसंगती आली ती पंधरा घरांनंतर. तोवर कुठला आकडा पक्का आणि कुठला धरलेला हेच विसरायला झालं असणार. यंत्राला मागे फिरायला कष्ट नाहीत, माणसाला आहेत. म्हणून माणसाने गृहीत धरायचं ते डोक्यात मावेल एवढंच.

आणि दुसरं. प्रोग्रॅमने उत्तर काढलं तरी ३-६ *का*, हे त्याला सांगता येत नाही. 'बाकीचं जमलं नाही' एवढंच सांगता येतं. मला सम-विषमवालं कारण जास्त आवडतं. आवड म्हणा हवं तर.

---

महापे_एमआयडीसी

'डोक्यात मावेल एवढंच' हे मान्य. 'का' बद्दल मात्र भांडत राहणार. बाकीचं जमलं नाही हे पूर्ण कारण आहे, सुंदर नसेल.

---

वाशीकर

मोठ्या लोकांच्या भांडणात एक शंका. वरच्या '८×' गटात एकच आकडा दोनदा आला तर चालतो का? माझा समज असा की गटात पुनरावृत्ती नाही.

---

घोडबंदरची

केनकेनमध्ये चालते, फक्त एकाच ओळीत किंवा स्तंभात नको. एल आकाराच्या तीन घरांत दोन टोकं वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या स्तंभात असतात, ती सारखी असू शकतात. उदाहरण बघा: चारच्या जाळीत एल आकाराचा '४×'. तीन वेगवेगळे आकडे घेऊन ४ येतच नाही! एक तर १, ४, १ किंवा २, १, २, आणि वेगळा आकडा कायम कोपऱ्याच्या घरात. म्हणजे पुनरावृत्ती हीच इथे मदत. सरळ रेषेतल्या तीन घरांना '४×' कधी दिसणारच नाही.

किलर सुडोकूत मात्र गटात आकडा पुन्हा येत नाही असा प्रघात आहे. तुमचा समज तिकडून आला असेल.

---

वाशीकर

हो, किलरच करतो मी. मग त्याचं मी सांगतो. तिथे १ ते ९, नेहमीच्या तीन बाय तीनच्या नऊ पेट्या, आणि गटांना फक्त बेरजा. माझा सगळा संसार ४५ वर चालतो. १ ते ९ ची बेरीज ४५, म्हणून प्रत्येक ओळ ४५, स्तंभ ४५, पेटी ४५. एखाद्या पेटीत पूर्ण आत बसलेल्या गटांची बेरीज ३८ झाली आणि एकच घर बाहेरच्या गटात गेलं, तर त्या घरात ७. उलटंही: पेटी झाकणाऱ्या गटांची बेरीज ५१ आणि त्यातलं एकच घर पेटीबाहेर डोकावतंय, तर त्या घरात ६. नवशिके एकच पेटी बघतात. दोन पेट्या किंवा तीन ओळी एकत्र धरून ९० किंवा १३५ शी ताडा, तिथे खरा माल असतो. अवघड कोड्यात पहिलं घर मला बहुतेक वेळा असंच मिळतं.

---

पामबीच

आता खरं सांगतो. मी उत्तरं बघत नाही, मी काकुरोवाला आहे. शब्दकोड्यासारखी जाळी, काळ्या घरांत बेरजा, पांढऱ्या घरांत १ ते ९, आणि एका बेरजेत आकडा पुन्हा नाही. अमेरिकेत डेल प्रकाशनाच्या कोड्यांच्या मासिकांत १९६० च्या दशकात 'क्रॉस सम्स' म्हणून हे यायचं, जपानमध्ये निकोली या कोडी छापणाऱ्या कंपनीने ते लोकप्रिय केलं. सुडोकूचीही तीच वाट बरं का: १९७९ मध्ये डेलच्याच मासिकात 'नंबर प्लेस' म्हणून आलं, मग जपान फिरून जगभर. अमेरिकेत पेरायचं, जपानात वाढवायचं आणि नेरुळच्या फलाटावर सोडवायचं.

काकुरोत पाठांतराला पर्याय नाही. दोन घरांत ३ म्हणजे १-२, ४ म्हणजे १-३, १६ म्हणजे ७-९, १७ म्हणजे ८-९. तीन घरांत ६ (१-२-३), ७ (१-२-४), २३ (६-८-९), २४ (७-८-९). चार घरांत १०, ११, २९, ३० यांनाही एकेकच संच. हे संच जिथे एकमेकांना छेदतात तिथे घर फुकट मिळतं. आडवे १६, उभे १७, दोन्ही दोन घरांचे: छेदाच्या घरात ९. डोळे मिटून.

जरा आतली गोष्ट: एकच संच नसला तरी काही आकडे सक्तीचे असतात. तीन घरांत २२ म्हणजे ५-८-९ किंवा ६-७-९. संच ठरत नाही, पण ९ असणारच. तीन घरांत ८ म्हणजे १-२-५ किंवा १-३-४, १ असणारच. हे लक्षात येईपर्यंत मी निम्मी कोडी अर्धवट सोडायचो. आणि लांब बेरजेला घाबरू नका. आठ घरांत ३८? पंचेचाळीसातून अडतीस गेले सात, म्हणजे ७ सोडून सगळे.

---

महापे_एमआयडीसी

वाचनखूण साठवली. हे संच प्रोग्रॅमलाही उपयोगी, फांद्या निम्म्याने कमी होतील.

---

वाशीकर

पामबीचराव, एवढं येत असताना सुरुवातीला शेवटच्या पानाची थाप कशाला?

---

पामबीच

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

---

तीनपेट्रोलपंप

अवांतर आहे, पण ठाण्याच्या धाग्यावर हे नाव यायला हवं. गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५. माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन, आणि नोकरी देवळालीला शाळेत, १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही, तरी ६१७४ त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो.

चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा. पुन्हा तेच. ३५२४ घेऊ: ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत कुठलाही आकडा इथेच येऊन थांबतो.

आणि मध्य रेल्वेवाल्यांसाठी: १, १२१, १२३२१ अशा जिन्यासारख्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं, कारण ती कल्पना त्यांना डेम्लो, म्हणजे डोंबिवली स्टेशनवर सुचली होती. आपल्याला त्या फलाटावर फक्त पुढची फास्ट कधी आहे एवढंच सुचतं.

चिऊच्या आई, चौथीतल्या मुलीला ६१७४ चा खेळ द्या. पाढे लागत नाहीत, वजाबाकी मात्र घासून पक्की होते. हातच्याची वजाबाकी मुलं एरवी मारलं तरी करत नाहीत.

---

चिऊची आई

दिला. २००५ पासून सुरू केलं आणि शेवटी ६१७४ आल्यावर ओरडली. आता बाबांना, आजीला, दूधवाल्याला आकडा विचारतेय. चारचं केनकेन मात्र तिने सरांच्या पद्धतीने केलंच नाही. क४, ड४ पासून सुरुवात केली, कारण '७+' म्हणजे ३-४ च, तिला ते आधी दिसलं. चालतं ना?

---

काळाफळा

चालतं काय, पळतं! ती खालून आली, मी वरून. उत्तर एकच असलं की वाटा कितीही. तिने '७+' आधी का पाहिला ते विचारा मात्र. उत्तर ऐकायला मलाही आवडेल.

---

चिऊची आई

विचारलं. म्हणाली, 'कारण त्याला दुसरं काही होताच येत नाही.'

---

महापे_एमआयडीसी

सर, हेच तर मी म्हणत होतो. बाकीचं जमत नाही हे पूर्ण कारण.

---

काळाफळा

चौथीतल्या मुलीच्या आड लपू नका. बरं, हे घ्या: सहाची जाळी, एक ओळ, दोन गट, तीन-तीन घरांचे. एकावर '६०×', दुसऱ्यावर '९+'. 'समजा' न करता दोन्ही गट सांगा.

---

घोडबंदरची

बेरीज २१, दुसऱ्या गटाला ९, म्हणजे पहिल्याला १२. गुणाकार ६० म्हणजे ५ आलाच. उरलेल्या दोघांची बेरीज ७ आणि गुणाकार १२, म्हणजे ३-४. पहिला गट ३-४-५, दुसरा १-२-६. रबाळ्याच्या आत झालं. रविवारच्या कोड्याची उरलेली ओळ टंकू का इथे? काकांनी या वेळी '१−' चे चार गट एकाच स्तंभाला चिकटवलेत, मला त्यांच्या हेतूबद्दल शंका आहे.

---

काळाफळा

टंका. स्तंभ कुठला तेही लिहा, आणि शेजारच्या स्तंभात ५ कुठे कुठे बसू शकतो ते आधी बघून ठेवा.